हॅरिसनची माफी

जॉर्ज हॅरिसनची मी पंचवीस वर्षं टिंगल केली. परंड्यात शाळेवर गणित शिकवताना, स्टाफरूममध्ये संगीताचा विषय निघाला की माझं वाक्य ठरलेलं असे : बीटल्सचा तो पोरगा सहा आठवड्यांत सतार शिकायला मुंबईला आला आणि दोन वर्षांत गिटारीकडे पळाला. लोक हसत.

तसं त्यात खोटं काही नव्हतं. सप्टेंबर 1966 मध्ये तेवीस वर्षांचा हॅरिसन रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला, ताजमध्ये उतरला. लोकांनी ओळखलं, खाली गर्दी जमली, शेवटी गुरु-शिष्यांना श्रीनगरच्या हाउसबोटीत जावं लागलं. 1968 मध्ये त्यानं सतारवादक होण्याचा नाद सोडला. मी लगेच दुसरं टोक पुढे करायचो. स्वतः रविशंकर 1938 साली उदयशंकरांचा नाचाचा ताफा आणि परदेशदौरे सोडून मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांपुढे बसले, ते काही वर्षं हललेच नाहीत. शिकणं म्हणतात ते याला!

मग शेहेचाळिसाव्या वर्षी मलाच हुक्की आली. कुर्डुवाडीहून गाडीनं मिरजेला गेलो आणि सतार घेऊन आलो. तिचा भोपळा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे जवळजवळ आमच्याच शिवारातला, या विचारानं उगाच धीर आला होता. रविवारी एसटीनं बार्शीमार्गे सोलापूर, बुवांकडे शिकवणी. त्यांचं नाव घेत नाही, त्यांना आवडायचं नाही.

सतारीत मींड म्हणजे एकाच पडद्यावर तार आडवी ओढून पुढचे सूर काढायचे. दोन सूर ओढेपर्यंत तर्जनीच्या पेरावर तार रुतते. तिथं आधी लाल रेघ उमटते, मग चीर पडते, मग काळा घट्टा. घट्टा माझाही पडला. पण तिसरा सूर कायम थोडा उतरलेला लागायचा आणि तो उतरलाय हे मला नेमकं कळायचं. तीन वर्षं हेच चाललं.

एका रविवारी बुवा तरफा लावत होते. खुंटी पिळता पिळता मान वर न करता म्हणाले, "सर, तुमचं ऐकणं फार तयार आहे."

"आणि हात?"

त्यांनी पुढची तरफ छेडली.

येताना बार्शीच्या स्टँडवर दोन गाड्या सोडल्या. इतका राग आला होता. घरी आल्यावर हॅरिसनबद्दलचं जुनं कात्रण काढलं. रविशंकरांनी त्याला विचारलं होतं, तुझी मुळं कुठं आहेत? हा प्रश्न मी अनेकदा वाचला होता आणि दर वेळी मला तो शिष्याच्या नापासाचा शेरा वाटला होता. त्या रात्री तसा वाटला नाही. डोमगावला सीनेकाठी कल्याणस्वामींची समाधी आहे, लहानपणापासून जातोय. समर्थांनी आपल्या या लाडक्या शिष्याला सज्जनगडापासून इतक्या लांब धाडलं, त्याला कुणी नापास म्हणत नाही. मग हॅरिसनचीच टवाळी का? सतार सोडली तरी गुरू त्यानं सोडला नाही. 1971 साली रविशंकरांच्या शब्दाखातर न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी कार्यक्रम उभा केला, 1997 मध्ये त्यांची 'चँट्स ऑफ इंडिया' ही तबकडी सिद्ध केली. सुरुवातीच्या एका शिकवणीत फोन वाजला म्हणून सतार ओलांडून निघाला, तेव्हा पायावर बसलेला फटका तो पुढं स्वतःच सांगत असे.

माझी सतार गवसणीत घालून कपाटावर ठेवली आहे, खाली ठेवत नाही. रविवारची बार्शीची गाडी मात्र चुकत नाही. आता बुवा वाजवतात, मी तानपुरा धरतो. परवा त्यांचा एक सूर जरासा चढला. मी काही बोललो नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं.