म्हसवडच्या वाटेवर

पंढरीचें दर्शन वर्षांतून एकदां तरी घ्यावें, असा आमच्या घराण्याचा जुना परिपाठ आहे. फलटणाहून पंढरपुरास जावयाचें तर नातेपुतें, माळशिरस हा रूढ मार्ग. परंतु गेल्या मार्गशीर्षांत आमच्या वहिनींनीं गोंदवल्यास श्रीब्रह्मचैतन्य महाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन मग पुढें जावें असें मनांत आणिलें, आणि त्यामुळें आम्ही मोगराळ्याचा घाट चढून दहिवडीच्या वाटेस लागलों. आमचे थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, गाडी चालविणारा पुतण्या आणि त्याची अकरा वर्षांची कन्या, एवढी मंडळी बरोबर होती.

घाट चढून वर आलें कीं देशच पालटतो. खालीं फलटणच्या बाजूस नीरेच्या कालव्याचें पाणी आणि त्यावर पोसलेले उंसाचे मळे. वर शंभुमहादेवाच्या डोंगरापलीकडे पर्जन्यछायेंत पडलेलें माणदेशाचें उघडें पठार. बोरी, बाभळी, कापणी झालेल्या बाजरीचे सड आणि जागोजाग मेंढरांचे कळप. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘माणदेशी माणसं’ हें पुस्तक १९४९ सालीं निघालें, तेव्हांपासून मराठी वाचकांस हा मुलूख न पाहतांही ओळखीचा झाला आहे. डोळ्यांनीं पाहतांना मात्र त्याचें कोरडेपण अधिक जाणवतें.

गोंदवल्याविषयीं वाचकांस आम्हीं नव्यानें काय सांगावें? महाराजांनीं १९१३ सालीं देह ठेविला, पण तेथील नामाचा गजर व अन्नदान अद्यापि अखंड चाललें आहे. दर्शन झालें, प्रसाद झाला आणि आम्ही पूर्वेकडे निघालों.

पुतण्यानें गाडींतील नभोवाणी लाविली होती. घाटांत ती नुसती खरखरत होती. म्हसवड जवळ येऊं लागलें तसा त्या खरखरींतून एका बाईंचा आवाज वर आला आणि पाहतां पाहतां स्वच्छ झाला. बाई शेळ्यांच्या दुखण्यांविषयीं बोलत होत्या. “शेळी चारा खाईना, कोपऱ्याला जाऊन हुबी ऱ्हायली, तर उद्यावर ढकलू नगा. लगोलग डाक्टरास्नी फोन करा.” नात हंसूं लागली. “आजोबा, ह्या बाईंना शुद्ध बोलतां येत नाहीं का?”

हा प्रश्न आमच्याच शिकवणीचें फळ होतें. मुलांच्या तोंडचें ‘व्हतं’ खोडून तेथें ‘होतें’ घालण्यांत आमचीं तीसांहून अधिक वर्षें गेलीं आहेत. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करीत आहों, तोंच वहिनी म्हणाल्या, “अग, ज्यांच्या शेळ्या आहेत त्यांना समजतें ना? मग झालें!” आम्ही गप्प बसलों.

तो आवाज ‘माणदेशी तरंग वाहिनी’चा होता. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक ज्या मंडळींनीं काढिली, त्यांनींच हें नभोवाणी-केंद्र २००८ सालापासून म्हसवडास चालविलें आहे. ९०.४ मेगाहर्ट्झ ही त्याची लहर. अशा केंद्रास सामुदायिक नभोवाणी म्हणतात. आकाशांतील लहरी ही सर्व जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं दिला. पुढें २००२ सालीं शिक्षणसंस्थांस आणि २००६ सालीं लोकसेवा करणाऱ्या संस्थांसही अशीं केंद्रें काढण्याची मोकळीक सरकारनें दिली. २०२४ च्या आरंभास देशांत त्यांची संख्या पांचशेंच्या घरांत गेली होती.

ह्या केंद्रांचें बळ मुद्दामच थोडकें ठेविलेलें असतें. शक्ति सामान्यतः शंभर वॅट, मनोरा तीस मीटरांपर्यंत, आणि आवाजाची धांव दहा-पंधरा किलोमीटरांच्या आसपास. ह्या लहरी सरळ रेषेंत जातात. मध्यें डोंगर आला कीं अडतात. म्हणूनच घाटांत आम्हांस कांहीं ऐकूं आलें नाहीं. स्वतःच्या बातम्या देण्याची त्यांस मुभा नाहीं. मात्र निदान निम्मे कार्यक्रम त्याच गांवच्या लोकांच्या सहभागानें झाले पाहिजेत, असा दंडक आहे. आम्हांस हा दंडक फार मार्मिक वाटला. दूरवर पोहोंचावयाचें नाहीं, पण जेथें पोहोंचावयाचें तेथल्या माणसांस बोलतें करावयाचें, हा त्याचा आशय.

म्हसवडास श्रीसिद्धनाथाचें दर्शन घेतलें. पुजाऱ्यांशीं बंधूंचें बोलणें लांबलें, म्हणून आम्ही व पुतण्या माणगंगेच्या पात्राकडे पाय मोकळे करावयास गेलों. पात्रांत पाणी बेताचेंच होतें. कांठावर एक वयस्क धनगर मेंढरें चारीत होता. त्याच्या बंडीच्या खिशांत दूरध्वनि, त्यास जोडलेली तार आणि तारेचें बोंडूक कानांत. गाणीं ऐकत असेल, असें आम्हांस वाटलें. पुतण्यानें सांगितलें कीं, ह्या कानांतल्या तारेचाच लहरी धरण्याकडे उपयोग होतो. तार काढली तर अशा यंत्रांतील नभोवाणी बहुधा मुकी होते. आणि तीस महाजालाचे पैसेही पडत नाहींत.

आम्हीं विचारलें, “काय ऐकतां?”

“मेंढरांचं सांगत्यात, पावसाचं सांगत्यात. बायाबी गात्यात वव्या.”

“कांहीं समजलें नाहीं तर?”

“फोन लावायचा की. गेल्या साली म्या सवता लावला. त्यांनी सांगितलेलं आमच्या मेंढरांस्नी लागू पडंना, त्ये बी सांगितलं. तर दुसऱ्या हप्त्याला डाक्टरलाच बोलवून बशिवला.” आणि जरा थांबून तो म्हणाला, “उलटं बोललं तर रागवत न्हाईत.”

वाचकहो, शिक्षकाच्या कोशांत ‘उलट बोलणें’ ह्याचा अर्थ एकच असतो, आणि त्याचें प्रायश्चित्तही ठरलेलें असतें. ह्या माणसानें तोच शब्द एका गुणाच्या वर्णनास योजिला होता. पंढरपुरापर्यंतच्या वाटेवर आमच्या मनांत तो घोळत राहिला.

हें तत्त्व आपल्या प्रांतांत पूर्वीं तावूनसुलाखून पाहिलेलें आहे. १९५६ सालीं पुण्याच्या आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांत, दीडशें खेड्यांतून, शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापिलीं. मूळ कल्पना कॅनडांतली; तेथें १९४१ पासून असा उपक्रम देशभर चालला होता, आणि वाचा, ऐका, चर्चा करा व तसें वागा, हें त्याचें सूत्र होतें. आपल्याकडे एका मंडळांत सुमारें वीस माणसें असत. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला कीं यंत्र बंद करावयाचें आणि मंडळानें आपसांत चर्चा करावयाची. शंका उरतील त्या लिहून पुण्यास पाठवावयाच्या. त्यांचीं उत्तरें पुढील एखाद्या कार्यक्रमांत मिळत.

ह्या प्रयोगाची परीक्षा टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूराथ ह्या पंडितांनीं केली. त्यांनीं तीन प्रकारचीं गांवें ताडून पाहिलीं : मंडळ असलेलीं, मंडळाशिवाय नुसतें यंत्र असलेलीं, आणि यंत्रही नसलेलीं. मंडळांच्या गांवीं लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलेलें दिसलें; नुसतें यंत्र होतें तेथें वाढ अल्पच होती. आवाज तोच, विषय तेच. अंतर पडलें तें यंत्र बंद झाल्यानंतरच्या बोलण्यानें. आपल्या पूर्वजांनीं श्रवण ही पहिलीच पायरी मानिली आणि तिच्यापुढें मनन व निदिध्यासन ठेविलें, तें उगाच नव्हे.

हें सारें आम्हांस ठाऊक असावयास हवें होतें. २०२० सालीं महामारीमुळें शाळांस टाळें पडलें, तेव्हां आमच्या सेवेचें एकच वर्ष उरलें होतें. वरून आज्ञा आली कीं, पाठ दूरध्वनीवरून पाठवावे. आम्हीं मोठ्या निष्ठेनें पाठविले. घरच्या पडवींत फळा टांगून, पुतण्याकडून चित्रण करवून, दररोज एक पाठ. महिन्याच्या शेवटीं एक तक्ता भरून द्यावा लागे आणि त्यांत ‘पाठ पोहोंचलेले विद्यार्थी’ असा रकाना होता. आमच्या वर्गांत बेचाळीस मुलें. आम्ही रकान्यांत बेचाळीस लिहीत होतों. त्यांतील एक मुलगा मेंढपाळाच्या घरचा. तक्त्यांत तो यथाकाल पुढील इयत्तेंत गेला. शाळा उघडली तेव्हां त्याची जागा रिकामी होती. मेंढरांमागें गेला, असें मुलांनीं सांगितलें. आम्ही हळहळलों, आणि पुढें निवृत्तही झालों. पाठविणें आणि शिकविणें ह्या दोन क्रियांत आम्हीं भेद केला नाहीं, हें त्या वेळीं ध्यानांतही आलें नाहीं.

पंढरपुराहून परतल्यावर चौथ्या दिवशीं आम्ही त्या मुलाच्या वस्तीवर गेलों. तो आतां अठरा वर्षांचा आहे. मिसरूड फुटलेलें, खांद्यावर घोंगडें. आम्हांस पाहून त्यानें वांकून नमस्कार केला आणि बसावयास बाज टाकिली. आम्हीं विचारलें, “त्या वर्षीं आमचे पाठ तुला मिळत होते का रे?”

“न्हाई, गुरुजी. फोन बापाकडं कोकणात व्हता.” मग तो खालीं पाहत म्हणाला, “म्या साळंच्या फाटकाशी येऊन सांगितलं व्हतं तुमास्नी.”

खरेंच सांगितलें होतें. त्यानें तें उच्चारतांच तो दिवस आम्हांस आठवला. तोंडावर फडकें बांधून फाटकाबाहेर उभा असलेला पोर, आणि “बरें, बघूं” म्हणून तक्त्याकडे वळलेले आम्ही. त्याचें उत्तर आमच्यापर्यंत आलें होतें; तें लिहिण्यास आमच्या कागदावर रकाना नव्हता, आणि रकाना नाहीं म्हणून आम्हीं तें ऐकलें नाहीं.

ज्या घरांत मुलांच्या हातीं हें यंत्र आहे, तेथील वडील मंडळींस आमची एक विनंति आहे. पाठ संपला कीं यंत्र बाजूस ठेवावें आणि मुलांस विचारावें : काय समजलें, काय पटलें नाहीं? आणि मूल उलट बोललें तर रागावूं नये. ज्यांच्या घरीं यंत्रच नाहीं त्यांची वास्तपुस्त करावयास मात्र पायींच जावें लागतें.

शाळा सुटलेल्या मुलांस बाहेरून शालान्त परीक्षेस बसण्यासाठीं सतरा नंबरचा अर्ज असतो. त्याविषयीं आम्हीं त्यास सांगितलें. “बघू, गुरुजी. मेंढरं हायेत,” तो म्हणाला. मेंढरें किती, कोंकणांत केव्हां उतरतां, रात्रीं वाघर लावल्यावर दिवा असतो का, हें आम्ही विचारीत गेलों आणि तो सांगत गेला. संध्याकाळ होईपर्यंत तोच बोलत होता. त्याचें एकही ‘व्हतं’ आम्हीं दुरुस्त केलें नाहीं. मेंढरें कोंकणांतून परत आलीं कीं आम्ही अर्ज घेऊन पुन्हां जाणार आहों.