कामट्यांची चांदणी

प्रिय भाऊ,

परवा रात्री घरच्या ग्रुपवर तू टाकलेला मेसेज वाचला. पंचवीस डिसेंबरला मुलांना सांताक्लॉज बनवू नका, तुळशीपूजन करा. खाली सात जणांचे जोडलेले हात. त्यात माझ्या सासरचे दोन. मी काही लिहिलं नाही. फोन केला असता तर 'बरं बरं' म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून पत्र.

तुळशीपूजनाला मी कशाला नाही म्हणेन? आईने तुळशीला पाणी घातल्याशिवाय कधी चहा घेतला? पण आपल्या घरी तुळशीचं लग्न कधी लागायचं, सांग. कार्तिकात ना? धान कापणीला आलेलं, मंडईची धामधूम उरकलेली, आणि तू बाबांच्या धोतराचा अंतरपाट धरून उभा. ते लग्न तर होऊन गेलं. मग डिसेंबरात, नेमक्या त्याच तारखेला, तिला पुन्हा बोहल्यावर का चढवतोस? आईची तुळस आहे ती, भाऊ. कुणाच्या दारात आडवी घालायची काठी नव्हे.

आणि दार कुणाचं? सांता बिंता राहू दे, तो टीव्हीवरून आला आणि मलाही फारसा आवडत नाही. मला सिस्टरबाईचं दार दिसतं. आपल्या गल्लीच्या टोकाचं.

मी तिच्याच हातावर पडले. तुला टायफॉइड झाला तेव्हा सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपवून ती रोज संध्याकाळी सुई द्यायला यायची, आणि तू खाटेखाली लपायचास. आठवतं? दिवाळीत आईचं फराळाचं ताट तिच्याकडे जायचं. दीड महिन्याने तेच ताट तिच्याकडून भरून यायचं. त्यातही करंज्या, अनारसे, शंकरपाळेच! शिवाय पातेल्यात वाळू तापवून भाजलेला, एका बाजूने हमखास करपलेला केक. आपण करपलेल्या बाजूसाठी भांडायचो. एकदा तू तिचं केकचं भांडं नुसतंच पोचवायला निघालास, तर आई म्हणाली, "रिकामं भांडं वापस धाडाचं नसते, बापू." आणि मूठभर लाखोळीची डाळ टाकली त्यात.

आई ख्रिसमस कधी म्हणाली नाही. नाताळच म्हणायची. शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ जन्म. एवढी बाळंतपणं करणाऱ्या बाईच्या सणाला याहून चांगलं नाव कोणतं?

तू म्हणशील, ताई, तुला कळत नाही, हे लोक बाटवतात. बरं. शाळेच्या गॅदरिंगला 'केवढे हे क्रौर्य' कुणी म्हटली होती? घायाळ पक्षीण पिलांपाशी येते तिथे तुझाच आवाज फाटला आणि पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत बसली. बक्षिसाचा पितळी पेला अजून तुझ्या शोकेसमध्ये आहे. कवी कोण? नारायण वामन टिळक. नावामागचं रेव्हरंड तेव्हा आपल्याला टोचलं नव्हतं.

हे टिळक १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. त्यांनी बायबलचा नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. ती गाडी भंडारा रोड, तुमसर, गोंदियावरून जाते. म्हणजे आपल्याच धानाच्या बांध्यांतून. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढे काय केलं? ख्रिस्ताला अभंगात आणलं, कीर्तनाला उभं केलं. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते सांगत. आता कुणी कुणाला बाटवलं, ते तूच ठरव.

आणि लक्ष्मीबाई? नवरा ख्रिस्ती झाला म्हणून रडल्या, दूर राहिल्या. मग परत आल्या, त्याही आपलं सोवळं सांभाळून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने. त्यांचं 'स्मृतिचित्रे' तुला मी राखीला दिलं होतं. प्लास्टिकही काढलं नसशील.

राग येतोय ना? येऊ दे, अजून एक आहे. पंचवीस डिसेंबर ही तारीख तरी एकट्या कुणाची? त्याच तारखेला, १९२७ साली, बाबासाहेबांच्या महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. आपल्या मागच्या गल्लीत तो दिवस दरवर्षी पाळतात. संविधानात ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू द्या असं सांगणारा अनुच्छेदही, बघ, पंचविसावाच. ते संविधान घडवणाऱ्या माणसाला आपल्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत पाडलं. बाबा हे सांगताना नेहमी आवाज उतरवायचे. त्या वेळी बाबांना मत नव्हतं, शाळेत होते ते. तरी.

एवढ्या सगळ्यांना पुरून उरणाऱ्या दिवसात तुझं तुळशीपूजनही मावेल. दुसऱ्याचं काढूनच आपलं मांडायचं, हे तू कुठून शिकलास? आपल्या घरी तर नाही.

खरं सांगू, मेसेजचंही एवढं लागलं नाही. गेल्या वर्षी नाताळात मी आले होते. रात्री सिस्टरबाईकडे गेले तर दारावर काहीच नाही. चांदणी कुठे, म्हटलं. म्हणाली, "राहू दे न बाई, उगाच कशाला." तिने तुझं नाव घेतलं नाही. केक केला होता, पण पुढचं दार लोटून घेऊन मग मला वाढला. इतकी वर्षं उघडं असलेलं दार, भाऊ.

आणि ती चांदणी कुणी केली होती? दिवाळी झाली की आकाशकंदिलाच्या कामट्या सोडवून, खळ शिजवून, पतंगाचा कागद लावून तूच ना पाच टोकांची बांधायचास? वर खाली दोन शेपट्या. कौलावर चढून तूच टांगायचास, आणि ती खालून ओरडायची, "पडशील रे!"

कामट्या माळ्यावर असतील, आईच्या जुन्या सुपामागे. उंदरांनी सोडल्या असतील तर. मी तेवीस तारखेच्या दुपारच्या एसटीने निघते. लाल आणि पिवळा कागद नागपूरहून आणते, खळ तू शिजव. आता कौलं नाहीत, स्लॅब आहे, शिडी मात्र लागेल. तुझा गुडघा दुखतो, तेव्हा तू खाली धर. मी चढते.

तुझी,
ताई