जफरची बाजू

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातल्या मुलांच्या नाटुकल्याची जबाबदारी यंदा आमच्या घरावर आली. म्हणजे लेखन-दिग्दर्शन आमच्या तेरा वर्षांच्या कन्येचं, तालमींचं चहापाणी सौ.चं, आणि आम्ही बेसमेंटमधल्या खुर्च्या उचलायच्या! वीस-बावीस वर्षांपूर्वी एम. एस. करायला न्यू जर्सीत आलो तेव्हा हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. असो.

नाटुकल्याची कल्पना अशी, की कार्टून सिनेमांतली मंडळी आपल्यातली असती तर? त्यामुळे एल्सा महाबळेश्वरची, मोआना कोळीवाड्यातली, तर सिंबा सह्याद्रीतला. एल्साचं काम जिला मिळालं तिचा आवाज सगळ्यांत गोड आणि रंग आमच्यासारखा भरपूर सावळा. एक काकू हळूच म्हणाल्या, "एल्सा जरा गोरी नको का गं?" कन्या म्हणाली, "काकू, ती बर्फ करते. दूध नाही." काकूंनी चहाचा कप उचलला. २०२३ साली हॅली बेलीला घेऊन 'लिटल मर्मेड' आला, तेव्हा जलपरीच्या रंगावरून इथे केवढा गदारोळ झाला! त्या लोकांना नावं ठेवण्यात आपणही मागे नव्हतो. आता आरसा आपल्याच बेसमेंटमध्ये.

पण आमची खरी गोष्ट पुढेच आहे. अ‍ॅलडिनच्या प्रवेशात दुष्ट वजीर जफर हवा होता. मुलं कोणी तयार होईनात. कन्येनं आमच्याकडे पाहिलं. "बाबा, तू हो ना जफर. तुला अ‍ॅक्सेंट करायची पण गरज नाही."

सगळे हसले. आम्हीही हसलो. खुर्च्या जरा जोरात ठेवल्या गेल्या, इतकंच.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा हिशेब मांडला. पोरीचं निरीक्षण चूक नव्हतं. 'लायन किंग' (१९९४) घ्या. मुफासा आणि स्कार भाऊ-भाऊ, पण थोरला अमेरिकन बोलतो आणि कपटी धाकटा ब्रिटिश! 'अ‍ॅलडिन' (१९९२) मध्ये अ‍ॅलडिन आणि जस्मिन न्यू जर्सीच्या हायस्कुलातून नुकतेच घरी आल्यासारखे बोलतात. बाजारातले विक्रेते आणि पहारेकरी मात्र जाड परदेशी हेल काढतात. त्यातल्या सुरुवातीच्या गाण्याच्या ओळींवर इथल्या अरब मंडळींनी आक्षेप घेतला आणि १९९३ साली व्हिडिओ कॅसेट निघताना त्या बदलल्या. ओळी बदलल्या, हेल तसेच राहिले.

हा हेल आम्हाला आठ वर्षं मागे घेऊन गेला. कन्या तेव्हा पाच वर्षांची होती. ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी आम्ही 'वॉटर' मागितलं. पलीकडून तीनदा "व्हॉट?" आलं. मागच्या सीटवरून कन्येनं ओरडून बरोब्बर अमेरिकन पाणी मागितलं आणि ते लगेच मिळालं! तेव्हापासून तो रिवाजच पडला. खिडकी आली की ती म्हणायची, "बाबा, तू थांब, मी सांगते." आम्ही तिचं कौतुक केलं. सौ.नं फक्त एकदा आमच्याकडे पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कन्येनं लिहिलेला प्रवेश आमच्या हातात ठेवला. वाचायला बसलो आणि गार पडलो. तिचा जफर परगावाहून अग्राबाला शिकायला आलेला. हुशार, कष्टाळू. सुलतान खेळण्यांशी खेळतो, राज्याचा सगळा कारभार जफर बघतो. सगळे विचारतात, "तू मूळचा कुठला?" आणि बढतीची वेळ आली की सुलतान म्हणतो, "जो माझ्या मुलीशी लग्न करेल त्यालाच राज्य."

"हे तुला कोणी सांगितलं?" आम्ही विचारलं.

"तूच. रोज जेवताना ऑफिसबद्दल बोलतोस की."

म्हणजे आम्हाला वाटायचं, ही कानात हेडफोन घालून जेवते!

खलनायकाची बाजू सांगायची ही हल्लीची फॅशन असं आम्ही म्हणणार होतो. १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त मॅलेफिसंट शाप देते, कारण तिला राजकन्येच्या समारंभाचं आमंत्रण नसतं. (बारशाला न बोलावलेल्या आत्याबाई आठवा!) २०१४ च्या सिनेमात कळतं, की राज्यासाठी तिचे पंख कापून नेलेले असतात. एल्सासुद्धा आधी खलनायिकाच व्हायची होती. तिचं गाणं तयार झालं आणि ते ऐकून करणाऱ्यांनी गोष्टच फिरवली. पण फॅशन कसली? आमच्या लहानपणी, १९९३ साली, दूरदर्शनवर रविवारी जपानी 'जंगल बुक' लागायचं. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा! आम्ही सातवीत होतो. चाळीतली सगळी पोरं मोगलीची चड्डी घालायची आणि संवाद शेरखानचे म्हणायची. पुढे किपलिंग वाचला तेव्हा कळलं, की त्याचा शेरखान जन्मापासून एका पायानं लंगडा आहे, म्हणून तो गुरं मारतो. आणि हॉस्टेलवर 'मृत्युंजय' वाचून कर्णासाठी उशी भिजवली नाही असा मराठी इंजिनिअर दाखवा!

तेव्हा बाजू मांडण्याला आमची हरकत नव्हती. हरकत होती शेवटाला. तिच्या नाटुकल्यात जफरला वाईट वाटलेलं असतं, म्हणून सगळे त्याला मिठी मारतात आणि पडदा!

आम्ही म्हणालो, "हे बघ, पूल पडला की आम्ही तो का पडला ते शोधतो. कारण सापडलं म्हणजे पूल पडलाच नव्हता असं होत नाही. कर्णावर अन्याय झाला, खरं. पण भर सभेत द्रौपदीचा अपमान झाला तेव्हा तो कोणत्या बाजूला होता? सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय'मध्ये त्याला जवळ घेतलं आणि त्याच वर्षी इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये त्याला मुळीच सूट दिली नाही. दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात ठेवायची असतात."

"मग जफरचं काय करू? सिनेमात तो दिव्यात कोंडला जातो. कायमचा."

त्यावर सौ. आतून म्हणाली, "बळीराजाचं काय केलं?"

आम्ही दोघंही गप्प झालो. खरंच की! वामनानं बळीला पाताळात घातलं. ती शिक्षा काही कोणी रद्द केली नाही. तरी पाडव्याला ओवाळताना अजून आपल्या बायका बळीचं राज्य येवो म्हणतात. केरळात तर ओणमला तो दरवर्षी प्रजेला भेटायला येतो असं मानतात. हरलेल्यासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवायचा, ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

शेवट बदलला. जफर दिव्यात जातोच. पण दर दिवाळीला जस्मिन तो दिवा घासूनपुसून बाहेर काढते, समोर फराळाचं ताट ठेवते आणि म्हणते, "तू बोलायला लागलास की तुझ्याऐवजी मीच उत्तर द्यायचे. तुझी लाज वाटायची म्हणून. आज तूच बोल." हे वाक्य कन्येनं तालमीत एकदाही म्हटलं नव्हतं. जस्मिनच्या ओढणीत, भर रंगमंचावर, पहिल्यांदा म्हटलं. आमचं पुढचं वाक्य आम्ही विसरलो. प्रेक्षकांना तो अभिनय वाटला आणि टाळ्या पडल्या.

रात्री परतताना पोरांना भूक लागली. आम्ही अजून जफरच्याच दाढीत. ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीशी गाडी थांबली. मागे शांतता. शेवटी कन्या म्हणाली, "बाबा, तू सांग."

आम्ही सगळं सांगितलं आणि वर चार वॉटर.

"व्हॉट?"

आम्ही पुन्हा म्हणालो. पुन्हा "व्हॉट?" आरशात पाहिलं. कन्येनं ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिला किती जड जात होतं ते दिसत होतं. पण ती बोलली नाही.

तिसऱ्यांदा पाणी मिळालं.