मातीच्या भरवशावर

बासेल, स्वित्झर्लंड

प्रिय नंदा,

“तुमच्याकडे अणुकचरा डोंगरात पुरतात म्हणे?” असं व्हॉट्सअॅपवर विचारून तू मोकळी झालीस. तारापूरच्या शेजारी बोईसरला राहणाऱ्या, त्यातून विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हो-नाही एवढ्यावर कसं उडवायचं? म्हणून हे लांबलचक पत्र.

पुरलेला नाही, अजून तरी. पण पुरायचा झाला तर ज्या खडकात पुरायचा, त्याची परीक्षा मात्र 1996 पासून चालू आहे. तेच बघायला मध्यंतरी मी जुरा प्रांतात सेंट-उर्सानला गेले होते. गाव जुनं, नदीकाठचं, इतकं देखणं की अणुकचरा हा शब्दही तिथे उच्चारू नये! तिथल्या मों तेरी डोंगरातून महामार्गाचा बोगदा जातो. त्याला समांतर, अडीअडचणीला सुटकेसाठी खणलेला एक भुयारी रस्ता आहे, त्यातून आत शिरायचं. डोक्यावर साधारण 300 मीटर डोंगर. एक सांगून ठेवते, कचरा इथे कधीच ठेवायचा नाही असं ठरलेलंच आहे. ही नुसती प्रयोगशाळा, स्विसटोपो ही सरकारी संस्था चालवते.

खडक म्हणशील तर काळपट करडा, बघताक्षणी निराशा करणारा. नाव ओपालिनस क्ले. सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला हा चिखल, पुढे दाबून दाबून घट्ट झालेला. सुटा तुकडा पाण्यात टाकला तर थोड्याच वेळात त्याचा भुगा होतो. मी म्हटलं, याच्या भरवशावर दहा लाख वर्षं काढायची? (हा आकडा माझा नाही. अतिकिरणोत्सारी कचऱ्यासाठी इथे तेवढ्याच मुदतीचा विचार करतात.)

पण गंमत अशी, की सुटा असताना भुगा होणारा हा खडक डोंगराच्या दाबाखाली असला की पाणी पिऊन फुगतो आणि स्वतःच्या भेगा स्वतःच बुजवतो. आपल्याकडे काळ्या रानाला उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पावसाळ्यात मिटतात ना, तसंच. ग्रॅनाइट कणखर खरा, पण त्याची चीर तशीच राहते आणि तिच्यातून पाणी वाहतं. इथे वाहणं असं जवळजवळ नाहीच. विरघळलेले कण पाण्यातल्या मिठाच्या खड्यासारखे आपोआप पसरतील तेवढेच, तेही लाखो वर्षांत काही मीटर. आणि हा नुसता गणिताचा खेळ नाही. खडकाच्या बारीक छिद्रांत त्या जुन्या समुद्राचा खारटपणा अजून आहे. थराच्या मध्यावर जास्त, दोन्ही कडांकडे कमी होत गेलेला. म्हणजे मीठसुद्धा अजून पुरतं बाहेर पडलेलं नाही! मला तरी हा पुरावा सगळ्यात पटला.

मग तपासायचं काय उरलं? माणसाने घातलेला धुडगूस. बोगदा खणला की भोवतालचा खडक तडकतो, हवेने सुकतो. कचरा गरम असतो, म्हणून 50 मीटरच्या एका बोगद्यात खऱ्या डब्यांच्या मापाचे तीन हीटर बेंटोनाइट मातीत गाडून, तोंड काँक्रीटने बंद करून, 2015 च्या सुरुवातीपासून तापवत ठेवले आणि भोवती शेकडो सेन्सर पेरले. शिवाय पोलादी डबे गंजले की हायड्रोजन सुटतो. खडक इतका घट्ट, की त्या वायूने जायचं कुठे? गुणच अंगाशी यावा तशी गत! त्यावर उतारा निघाला तो जिवाणूंचा. या खडकाच्या पाण्यात हायड्रोजनवर जगणारे जिवाणू सापडले. त्यांच्यावर किती विसंबायचं, हा वाद वेगळा.

खडकाची बाजू मला मान्य आहे. माणसांची बाजू अवघड. नीडवाल्डन प्रांतात वेलेनबर्गची जागा आधी ठरली होती, कमी किरणोत्साराच्या कचऱ्यासाठी. तिथल्या मतदारांनी 1995 आणि 2002 अशी दोनदा ती फेटाळली. पुढे नवा अणुऊर्जा कायदा आला आणि प्रांतांचा नकाराधिकारच गेला! आता सार्वमत झालं तर ते देशभराचं. सप्टेंबर 2022 मध्ये नाग्राने, म्हणजे कचऱ्याची जबाबदारी असलेल्या संस्थेने, झुरिक प्रांतातलं नॉर्डलिश लेगेर्न सुचवलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये परवान्यासाठी अर्ज केला. खडक तोच, ओपालिनस. जर्मनीची सरहद्द हाकेवर, पण सार्वमतात जर्मन गावांना मत नाही. मताच्या चिठ्ठ्या टाकणाऱ्या या देशात हे मला खटकतं. इथे कुणाशी बोलले की ऐकून घेतात आणि कॉफी पुढे करतात.

तुमच्याकडचं तुला ठाऊकच आहे. इंधनावर प्रक्रिया करून उरलेला कचरा काचेत ओततात आणि तारापूरला देखरेखीखाली साठवतात. जमिनीखालचं खोल भांडार भारतात अजून नाही. कधी काळी होईल, तेव्हा कुठल्या तरी जिल्ह्याचं नाव पुढे येईल, आणि त्या वेळी बोलायला उठणारी माणसं आज तुझ्या वर्गात बसली आहेत. त्यांना खडकांचा धडा शिकवशील तेव्हा बेसॉल्ट, ग्रॅनाइट आटोपून घाईने पुढे जाऊ नकोस. चिकणमातीला एक तास दे. फोटो हवे असतील तर कळव, पाठवते.

तुझी,
सुधा