भोंगा आणि भरती

मुलांनो, तुम्हाला सकाळी कोण उठवतं? कुणाला आई, कुणाला घड्याळाचा गजर आणि हल्ली बऱ्याच जणांना मोबाइल! आम्हां लालबागच्या मुलांना मात्र भोंगा उठवायचा. गिरणीचा भोंगा.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी 1856 साली ताडदेवला सुरू झाली. मग लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, वरळी अशी उंच उंच धुराड्यांची रांगच लागली आणि या भागाला नावच पडलं गिरणगाव. गिरणीत तीन पाळ्या चालत. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला आणि तिसरी रात्री बाराला. पाळीच्या आधी भोंगा व्हायचा. आमच्या चाळीत घड्याळं मोजकीच होती, पण कुणाचं काही अडत नसे. आई भोंग्यावर चुलीला आधण ठेवायची आणि आम्ही भोंग्यावर दात घासायला घेत असू.

माझे बाबा साचेखात्यात विणकर होते. साचा म्हणजे माग. शेकडो साचे एकदम खडखडायला लागले की शेजारच्याने कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे. म्हणून विणकर ओठांच्या हालचालीवरून आणि हाताच्या खुणांनी बोलत. त्याचा परिणाम असा, की घरी आल्यावरही बाबांचा आवाज वरच्या पट्टीतच असायचा. "जरा मीठ वाढ गो," एवढंच ते म्हणायचे, पण शेजारच्या काकू दारात येऊन विचारायच्या, "काय झालं हो वहिनी?"

आमच्याच मजल्यावर एका गावाची खोली होती. गावाकडून आलेले तीसेक कामगार तिच्यात भाड्याने राहायचे. एवढ्याशा खोलीत तीस माणसं मावायची कशी? पाळीपाळीने! एक जण कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा वळकटी पसरायचा. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक ट्रंक. जेवायला सगळे खालच्या मावशींच्या खाणावळीत. त्या खोलीत दिवसा कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच. म्हणून आम्ही व्हरांड्यात खेळायला लागलो, की कुठलीतरी आई ओरडायची, "हळू रे मेल्यांनो, रातपाळीवाले झोपलेत!"

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. वर्तमानपत्रात रोज मोठमोठे मथळे यायचे. मी तेव्हा पाचवीत होते. मथळे मला फारसे कळायचे नाहीत. घरात मात्र लहान लहान बदल दिसायला लागले.

बाबांच्या केसांत कापसाचे तंतू दिसेनासे झाले. रोजची मासळी रविवारपुरती उरली आणि मग कधीतरीच यायला लागली. भोंगे गप्प झाले, तशी आई शेजारच्या रेडिओवरच्या बातम्यांवरून वेळ ओळखायला लागली. गावाच्या खोलीतले काका एकेक करून ट्रंक उचलून गावी गेले. आता व्हरांड्यात हवं तेवढं ओरडायची मोकळीक होती, कुणी रागावत नव्हतं. पण गंमत बघा, आम्हालाच ओरडायला मजा वाटेना.

आणि बाबांचा आवाज उतरला. खडखडाट नव्हता, तेव्हा मोठ्याने बोलायचं तरी कशाला? ते इतकं हळू बोलायला लागले की आईच विचारायची, "काय म्हणालात?"

जूनमध्ये माझा शाळेतून दाखला काढला. घरात एक तोंड कमी व्हावं, म्हणून मला आजीकडे मालवणला पाठवायचं ठरलं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती मुंबईपासून पार गोव्यापलीकडे धावायला लागली 1998 साली. आम्ही परळ डेपोतून एस.टी.त बसलो आणि रात्रभर घाट मोजत गेलो. वाटेत बाबांनी एकच वाक्य तीनतीनदा सांगितलं, "आजीला त्रास देऊ नको हं." तेही हळू आवाजात.

मालवण म्हणजे समुद्राकाठचं छोटंसं शहर. समोर पाण्यात शिवाजी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग आणि किनाऱ्यावर होड्या. पहिल्याच दिवशी मी आजीला विचारलं, "इथे भोंगा कितीला होतो?" आजी खळखळून हसली. म्हणाली, "तुमचो भोंगो गिरणीत, दर्याचो भोंगो चंद्राकडे!"

तिचं म्हणणं मला हळूहळू कळलं. गिरणीची वेळ रोज तीच. समुद्राचं तसं नाही. आज दहाला भरती आली, तर उद्या ती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येणार. पृथ्वीची एक गिरकी पूर्ण होईपर्यंत चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला तेवढा वेळ जास्त लागतो. माझ्या वर्गातल्या कोळ्यांच्या मुलांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. तिथी सांगितली की ते भरतीची वेळ सांगायचे.

पावसाळा संपल्यावर रापण पाहिली. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. ओढायला पुष्कळ हात लागतात. मासळी आली की वाटे पडतात. मीही एकदा दोरीला हात लावला, तर एका म्हाताऱ्या काकांनी माझ्या ओंजळीत चार बांगडे ठेवले. ते घेऊन मी धावतच घरी गेले. आजीनं कालवण केलं. ते खाताना मला बाबांची फार आठवण आली. त्यांच्या ताटात त्या दिवशी काय असेल?

पुढच्या मे महिन्यात मी लालबागला परतले. तोवर आईनं एक उद्योग सुरू केला होता. आजीच्या पद्धतीचा मालवणी मसाला करून विकायचा. लालबागच्या बाजारातून बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल आणायचं, निवडायचं, भाजायचं आणि बाजारातच यंत्रावर कांडून घ्यायचं. बाबा पोती वाहायचे. विणकराचा कान मोठा तिखट! नुसत्या खडखडाटावरून साच्यातली गडबड ओळखणारा. तोच कान आता मसाल्याच्या कामी आला. कांडपाचा आवाज ऐकून बाबा सांगायचे, "अजून जाडसर आहे, थोडं थांबा." चिमटीत घेऊन पाहिलं, तर खरोखरच जाडसर असायचा.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलं नाही. बाबाही परत साच्यावर उभे राहिले नाहीत. मसाल्यावर आम्ही दोन भावंडं शिकलो, पण गिरणीचा विषय निघाला की बाबा उठून व्हरांड्यात जायचे.

पुढे एकेक गिरणी कायमची बंद झाली. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. 2011 साली लालबागचा उड्डाणपूल झाला. बाजार मात्र आहे. इथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी 1934 साली बसवायला सुरुवात केलेला गणपती आजही त्याच बाजारात बसतो. उन्हाळा आला, की वर्षाचा मसाला करायला बायका अजूनही येतात आणि सगळ्या गल्लीला शिंका येतात! आणि जोराचा पाऊस नेमका भरतीच्या वेळी आला, की जवळच्या हिंदमाताला पाणी तुंबतं. तेव्हा मला आजी आठवते. परळ हे मुळात एक बेटच होतं. आपण घड्याळ लावून धावलो, तरी चंद्राकडचा भोंगा इथेही वाजतोच.

मोठे बदल वर्तमानपत्रात छापून येतात. घरात ते येतात ते अगदी लहान होऊन. कुणाच्या ताटातून, कुणाच्या केसांतून, कुणाच्या आवाजातून. मोठी माणसं त्याबद्दल आपणहून फारसं बोलत नाहीत. म्हणून तुम्हीच विचारा. आज रात्री जेवताना आजी-आजोबांना, आई-बाबांना विचारा, "तुमच्या लहानपणी रोज ऐकू यायचा आणि आता येत नाही, असा आवाज कोणता?" आणि ते सांगायला लागले की मध्ये बोलू नका हं. कदाचित ते खूप हळू सांगतील.