जुन्या सर्व्हरला निरोप देताना...



आमच्या संगणक कक्षात स्क्रीन दहा, पण खरा संगणक एकच. प्रत्येक बाकावर मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि एक छोटी डबी. बाकी सगळं काम कोपऱ्यातला मुख्य सर्व्हर करायचा. त्यावर विंडोज सर्व्हर 2008 आर2 होती. तिचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबले, म्हणून आम्ही तो इंटरनेटपासून वेगळाच ठेवला होता. यंदा लोकवर्गणीतून नवीन मशीन आलं आणि जुन्याला निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं.

"बटण बंद करायचं, भंगारात द्यायचं. त्यात काय एवढं?" एक पालक सहज म्हणाले. मग मी त्यांना आत काय आहे ते दाखवलं.

आत मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंग आहेत. दुसरीतला एक मुलगा दरवर्षी आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातो. जाण्याआधी त्याने अक्षराला अक्षर जोडत वाचलेला उतारा त्यात आहे. परत आल्यावर तो ऐकवला की स्वतःच हसतो, "सर, हा मी?" आपण किती पुढे आलो, हे त्याला दुसरं कोण सांगणार? आणि त्याच डिस्कवर शिष्यवृत्तीसाठी घेतलेले आधार क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांकही आहेत. म्हणजे एक गोष्ट हरवता कामा नये आणि दुसरी बाहेर जाता कामा नये.

म्हणून क्रम ठरवला. आधी सर्वांना तारीख सांगून जुन्या मशीनवर नवीन काम थांबवलं. मग 3-2-1 चा नियम पाळला: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर. कॉपी झाली म्हणजे झालं असं नाही बरं का! नवीन मशीनवर फाईल उघडून, ऐकून बघितल्या. नंतर पंधरा दिवस जुना सर्व्हर बंद करून नुसता ठेवला. काही राहिलं असेल तर त्या दिवसांत कळतंच.

पुढचं काम पुसण्याचं. फाईल डिलीट केली तरी मजकूर जात नाही. वाचनालयाच्या यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं तरी पुस्तक कपाटातच राहतं, तसंच हे. म्हणून सॉफ्टवेअरने पूर्ण हार्ड डिस्कवर नवीन माहिती लिहून जुनी झाकावी लागते. एसएसडी असेल तर तिची स्वतःची सिक्युअर इरेज सोय वापरावी.

शेवटी कागद. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय आणि रीतसर निर्लेखनाची मंजुरी. त्यानंतर मशीन भंगारवाल्याकडे नाही, तर नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाईल. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. सर्किट बोर्डातलं शिसं उघड्यावर जाळलं तर ते आपल्याच मुलांच्या श्वासात येतं.

पालकहो, घरातला जुना मोबाईल देतानाही हेच तीन प्रश्न विचारा: काय जपायचं? काय पुसायचं? कुणाच्या हातात द्यायचं? आणि उत्तरं मुलांना शोधू द्या. परिसर अभ्यासाचा एक चांगला तास तिथेच होईल.