पाटी पुन्हा हाती घेतली

तुमच्या फ्रीजमध्ये कोकम सरबताची बाटली असेलच. ती जरा बाहेर काढून बघा. सरबत राहू द्या, बाटलीवर चिकटवलेला कागद बघा. नाव कोणत्या वळणात लिहिलंय, रंग कोणता घेतलाय, वजन, किंमत, तारीख, पत्ता कुठे कुठे बसवलाय. हे सगळं कुणीतरी बसून आखलेलं असतं. आपण मात्र बाटली रिकामी झाली की कागद भिजवून काढतो आणि बाटलीत तेल भरून ठेवतो. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले. आता कागद काढताना हात अडखळतो, कारण असे कागद आखणं हाच माझा व्यवसाय झाला आहे. आणि तो मी शिकले वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

चित्रकलेची हौस तशी जुनी. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. तुमच्यापैकीही पुष्कळजणींनी दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. बाकीच्या मुली अक्षरलेखनाला कंटाळायच्या, मला तोच पेपर आवडायचा. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी माझ्या वडिलांना शाळेत बोलावून सांगितलं, “हिला मुंबईला जे. जे. मध्ये पाठवा.” जे. जे. कला विद्यालय १८५७ सालचं. १९३५ साली तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं, वेष्टनं, सगळं तिथे शिकवतात. बाईंनी हे सगळं समजावून सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, “मुंबईत मुलीला ठेवायची कुणाकडे?” विषय तिथेच मिटला.

वडिलांना मी दोष देत नाही. तेव्हा रत्नागिरीतून एकट्या मुलीला मुंबईला धाडणं सोपं नव्हतं. मी गोगटे-जोगळेकर कॉलेजातून बी. कॉम. झाले, लग्न झालं, एका पतसंस्थेत नोकरी लागली. एकोणीस वर्षं खतावण्या आणि ठेवींच्या पावत्या लिहिल्या. अक्षर बरं म्हणून फळ्यावरच्या सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे असायचं. तेवढीच काय ती कला उरली होती.

मग एका उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या बचत गटाने कोकम सरबत विकायला काढलं. बायकांनी कुठूनसं लेबल करून आणलं. बघते तर त्यावर द्राक्षांचा घड! लाल रसाचं तेच चित्र तयार होतं म्हणे. आपल्या रत्नागिरीच्या कोकमावर द्राक्षं? मला राहवेना. रात्री भांडी आवरल्यावर मी मुलाची जुनी वही घेतली, रातांब्याची फळं लगडलेली फांदी काढली आणि वर ‘कोकम’ ही तीन अक्षरं जाड शिरोरेषेखाली लिहिली. झोपायला दीड वाजला. पतसंस्थेतलं काम करताना इतका वेळ कसा गेला ते कळलं नाही, असं मला कधी झालं नव्हतं.

त्या बायकांनी तेच चित्र छापून घेतलं. बाटल्या खपल्या. त्या चित्रामुळे खपल्या की सरबतामुळे, ते देव जाणे. पण माझ्या मनात किडा शिरला तो शिरलाच.

ह्यांच्यापाशी विषय काढला तेव्हा हे म्हणाले, “अगं, कायमची नोकरी आहे. अजून चौदा वर्षं आहेत हातात. मुलाचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. आणि आता तू क्लासला जाणार?” बोलणं चूक नव्हतं, म्हणून तर उत्तर सुचेना. सासूबाई पोळ्यांना तूप लावत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “अगो, संध्याकाळचा भात मी लावीन. वरण तेवढं तू जाण्याआधी शिजवून ठेव. मला त्या कुकरच्या शिट्टीची भीती वाटते.”

त्यावर आमचा घरात करार झाला. नोकरी सोडायची नाही. क्लास संध्याकाळी सहा ते आठ. फी माझ्या रिकरिंगमधून. आणि वर्षभरात चार पैसे मिळाले नाहीत तर हौस पुरी झाली असं समजायचं.

क्लासच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने विचारलं, “काकू, ॲडमिशन कुणाची? मुलीची?” म्हटलं, “माझीच.” वर्गात सगळी वीस-बाविशीची मुलं. त्यांची बोटं भराभर चालायची. मी माऊस सुपासारखा उचलून धरायची. पडद्यावर एक रेघ सरळ ओढायला मला आठवडा लागला. घरी येताना रोज वाटायचं, झालं एवढं पुरे.

पण एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. मुलांना यंत्र येत होतं, अक्षर येत नव्हतं. दोन अक्षरांत किती जागा सोडायची, मोठ्या अक्षरात शिरोरेषा किती जाड हवी, वेलांटी कुठवर न्यायची, हे त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीशी मी सौदा केला. तिने मला यंत्र शिकवायचं, मी तिला अक्षर. शाळेतला तो अक्षरलेखनाचा पेपर असा तीस वर्षांनी उपयोगी पडला.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. एका ओळखीच्या बागायतदारांनी आंबापोळीच्या पाकिटाचं लेबल करायला दिलं. हजार नग. पडद्यावर हापूसचा रंग असा काही झळकत होता की मी स्वतःवरच खूश. छापून आलं तेव्हा तो रंग शिळ्या हळदीसारखा झालेला. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि छापखाना निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार शायांनी. पडद्यावरचे काही झगझगीत रंग शाईत उतरतच नाहीत. हे वर्गात शिकवलं होतं, मी घाईत विसरले. पण रंग एकवेळ चालला असता. अन्न परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. मी तेराच टाकले होते.

चूक सर्वस्वी माझी. पुन्हा छपाईचे साडेतीन हजार रुपये मी भरले. ते गणपतीआधी घराला रंग काढायला बाजूला ठेवलेले होते. त्या वर्षी गणपतीला भिंती तशाच राहिल्या. आलेला प्रत्येक पाहुणा भिंतीकडेच बघतोय असं मला वाटायचं. ह्यांनी एक शब्द काढला नाही, आणि तेच जास्त लागलं.

चार दिवस मी क्लासला गेले नाही. पाचव्या दिवशी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आज भात मी लावायचा की तू? काय ते सांग, म्हणजे मी तांदूळ भिजत घालते.” मी जरा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, “तुम्हीच लावा, आई.” आणि पिशवी उचलली.

त्या रात्री मी एक यादी केली आणि वाणसामानाच्या यादीशेजारी कपाटाच्या दाराला चिकटवली. घरगुती पदार्थ विकणाऱ्या मैत्रिणींनाही ती उपयोगी पडेल. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. परवान्याचे चौदा आकडे, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने मोजायचे. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. कापताना सुरी इकडेतिकडे होते, म्हणून चारी बाजूंनी तीन मिलिमीटर रंग जास्त ठेवायचा. हजार छापण्याआधी एक नमुना छापून उजेडात बघायचा. आणि आपल्याकडचं खास म्हणजे, कोकमाला २०१६ साली आणि हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं असलं तरी त्याची खूण कुणीही उठून पेटीवर छापायची नसते. ज्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली आहे, त्यानेच ती वापरायची.

शिकायला फार पैसे लागतात असंही नाही. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ पासून डिझाईनचं केंद्र आहे. ‘डी-सोर्स’ या नावाने तिथले धडे इंटरनेटवर फुकट बघता येतात. र. कृ. जोशी तिथेच शिकवत असत. संगणकावर आपण जे ‘मंगल’ वळणाचं देवनागरी अक्षर बघतो, ते त्यांनी केलेलं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेली ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ ही वळणंही कुणालाही मोफत वापरता येतात. आणि तुमची मुलगी चित्रं काढत असेल तर तिला ग्रेड परीक्षा जरूर द्यायला लावा. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. पुढे मुंबईलाच जायला हवं असंही राहिलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात सावर्ड्याला सह्याद्री कला विद्यालय आहे, देवरुखलाही कला महाविद्यालय आहे. माझ्या वडिलांच्या प्रश्नाला आता उत्तर आहे, ऐकायला ते मात्र नाहीत.

तुम्ही विचाराल, नोकरीचं काय झालं? दीड वर्षाने सोडली. कामाचे पैसे सलग सहा महिने पगाराच्या निम्म्याला पोचले तेव्हा. खरं सांगायचं तर अजूनही ते पगाराइतके झालेले नाहीत. जानेवारी ते मे आंब्याच्या पेट्या, पोळ्या, सरबतं आणि लग्नपत्रिका यांनी मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यात मात्र दोन-दोन आठवडे फोन वाजत नाही. तेव्हा एक तारखेचा पगार आठवतो. वर्षाचा हिशेब मांडताना खतावणीची एकोणीस वर्षं कामी येतात, हेही तितकंच खरं. म्हणून सांगते, आधी नोकरी सोडून मग शिकायला जाऊ नका. आधी शिका, घरच्यांशी करार करा, चुकीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवा. चूक होतेच.

घराला रंग गेल्या वर्षी निघाला. ह्यांनी स्वतः छटा निवडायचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “तूच ठरव, तुला कळतं त्यातलं.” एवढंच बोलले.

आता कोणतंही लेबल छापखान्यात जायच्या आधी सासूबाईंकडे जातं. त्या चष्मा पुसतात, भिंग घेतात आणि परवान्याचा एकेक आकडा मोठ्याने वाचतात. मी बोटांवर मोजते. चौदा झाले की त्या म्हणतात, “हं, पाठव.”